दहावा माणूस

फॅक्टरी इन्स्पेक्टर साहेबांची जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली तेव्हा शेडमध्ये दहा माणसं होती. असायला हवी होती नऊ.

मालकाने शटर अर्ध्यावर ओढलं. त्याची बोबडी वळायची बाकी होती. "एकजण मागच्या दाराने बाहेर. लवकर! साहेब आत आले की नावं लिहून नेणार. नऊच नावं. दहावा कोण, ते मला माहीत नाही. आणि तो पुन्हा इकडे दिसता कामा नये."

दहा माणसं कामाला असली की त्या जागेला कारखाना म्हणायचं, असा कायदा. मग यंत्रांना जाळ्या बसवा, भरपगारी रजा द्या, बोट तुटलं तर दवाखाना करा. नऊ असली की ती नुसती शेड. कसली कटकट नाही. हे सगळं फिटरला तोंडपाठ होतं. मोठा कारखाना सरकारने विकला आणि घेणाऱ्याने सहा महिन्यांत त्याला टाळं ठोकलं. त्याआधी फिटर तिथे युनियनचा सेक्रेटरी होता, आणि याच कायद्यावर घसा बसेपर्यंत भाषणं ठोकायचा. आता तो या शेडमध्ये लोखंडी खाटा जोडायचा आणि नऊमधला एक होऊन गप्प राहायचा. करतो काय? त्याच्या आधी चौदा महिने घरी बसून काढले होते.

आणि आजचा हा दहावा त्याचा सख्खा धाकटा भाऊ. वेल्डिंगमध्ये हात असा की जोड दिसायचा नाही, पण दोन वर्षं रिकामा. बायको बाळंतपणाला माहेरी गेली ती तिथेच राहिली. "तुमच्या हाताला काम लागलं की येते," असं तिने सरळ सांगितलं होतं. इस्पितळाची चाळीस खाटांची घाईची ऑर्डर आली, म्हणून फिटरने मालकाच्या हातापाया पडून त्याला आज सकाळी आठला चिकटवला होता. "राहू दे," मालक म्हणाला होता, "साहेब काय रोज थोडेच येतात?"

आता अकरा वाजले होते आणि साहेब आले होते.

"तू आणलास, तूच काढ," पॉलिशवाला फिटरला म्हणाला. बाकीचे नुसते बघत राहिले. एकालाही लाज वाटली नाही. कशी वाटणार? प्रत्येकाच्या पोटावर पाय येत होता.

"चल रे," फिटर भावाला म्हणाला. "नंतर बघू काहीतरी."

"नंतर म्हणजे कधी, दादा?" धाकट्याने वेल्डिंगचा होल्डर सोडलाच नाही. "मी नाही जाणार. तू जा. तुझी पोरं मोठी झाली. माझं अजून मी पाहिलंसुद्धा नाही."

खरं सांगायचं तर क्षणभर फिटरच्या मनात आलं, जावं आपणच. मग त्याला ते चौदा महिने आठवले. बायको कामावर निघायची आणि हा उंबऱ्यात बसून तिच्या चपलांकडे बघत राहायचा. नाही. पुन्हा नाही.

बाहेर जीपचं दार धाडकन लागलं.

फिटरने भावाची कॉलर धरली. धाकट्याने डोकं हाणलं ते थेट नाकावर. नाकातून रक्ताची धार लागली. दोघं अर्धवट जोडलेल्या खाटांवर कोसळले, खाटा दोघांवर कोसळल्या. फिटरने त्याच्या पोटात गुडघा घातला, मानगूट धरून दोनदा फरशीवर आपटलं. कोणी मध्ये पडलं नाही. उलट कोणीतरी ग्राइंडर चालू केला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. शहाणी माणसं!

त्याने भावाला फरफटत मागच्या दाराशी नेलं आणि बाहेर ढकललं. तिथे पायरीबियरी काही नव्हती. आठ-दहा फूट खाली सिमेंटचा कोरडा नाला. धाकटा अर्धा बाहेर लटकला आणि उजव्या हाताने त्याने चौकट पकडली.

"सोड!"

"दादा, काम दे रे मला!"

फिटरने भिंतीवरचा मोठा पाना उचलला.

"हातावर नको!" धाकटा किंचाळला. "दादा, कुठेही मार, हातावर नको!"

पहिल्या फटक्याला त्याने चौकट सोडली नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला बोटांची हाडं मोडल्याचं फिटरला पान्यातून कळलं. मग चौकटीवर कोणी नव्हतं. ग्राइंडरच्या आवाजातही खालून धप्प असं ऐकू आलं. फिटरने दार लावलं, कडी घातली आणि चिंधीने नाक दाबून आपल्या जागी येऊन उभा राहिला. 

शटर वर गेलं. साहेब आत आले. चांगला हसतमुख माणूस. ग्राइंडर चालूच होता, मालकाने तो बंद करू दिला नाही.

फिटर पुढे झाला. "मोजा साहेब. नऊच आहोत."

"अहो, मोजतंय कोण!" साहेबांना त्या आवाजात ओरडूनच बोलावं लागत होतं. त्यांनी बॅगेतून एक छापील कागद काढून मालकाच्या हातात दिला. "दहाचा आकडा गेला! गेल्या सोमवारपासून नवं धोरण. एकोणीस माणसांपर्यंत आता कायदा लागतच नाही तुम्हाला. रोजगार वाढला पाहिजे, म्हणून सरकारने केलंय. तेच सांगत फिरतोय सगळ्या शेडमधून."

मालक कागद वाचायला लागला. साहेबांचं लक्ष फिटरच्या रक्ताळलेल्या नाकाकडे गेलं. काम करताना लागलं असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी आपुलकीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, तुमच्या घरी कोणी रिकामं बसलं असेल ना, तर त्यालाही घेऊन या उद्यापासून."