बिननावाची चिठ्ठी

इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कारखान्यात शहाण्णव साली जपानी पद्धतीची सूचनापेटी लागली. नाव न घालता मनातलं लिहायचं होतं. वीणाने लिहिलं, ‘सुपरवायझर बायकांशी घाणेरडं बोलतात.’

संशय आला तो तिच्या शेजारी बसणाऱ्या रत्नाबाईंवर, कारण तोंडावर बोलायची सवय त्यांनाच होती. साहेबांनी चिठ्ठी पुढे करून एकाच बाकावरच्या म्हणून दोघींना विचारलं. वीणाची नोकरी अजून कायम व्हायची होती. ती खाली मान घालून उभी राहिली. रत्नाबाईही काही बोलल्या नाहीत. आठवड्याभरात त्यांना कामावरून काढलं.

वीणा त्यांना त्यांच्या गावच्या, आनेकलच्या बसपर्यंत सोडायला गेली. “अक्का, ती चिठ्ठी...” एवढंच तिच्या तोंडून फुटलं.

 

“राहू दे गं,” बसमध्ये चढताना रत्नाबाई म्हणाल्या, “तुझं अक्षर मी तिथेच ओळखलं होतं.”