चिमट्यावरचं फुलपाखरू

लग्न होऊन या घरात आले, तेव्हापासून नवऱ्याची सहा वर्षांची लेक माझ्याशी अवाक्षर बोलली नव्हती. आज तिला शाळेसाठी कागदी फुलपाखरू हवं होतं आणि बाप कामावर अडकला होता. गॅसवर दूध ठेवून मी कात्रीसाठी कपाटं पालथी घातली. ती दारातून बघत होती. शेवटी तिला राहवेना. “कात्री डाळीच्या डब्यामागे असते. गोंद फ्रिजमध्ये.” “फ्रिजमध्ये?” “आमच्याकडे तिथेच असतो.” मी गोंद काढला. बाहेरच्या खोलीत बसून जुन्या कॅलेंडरचे पंख कापून कपड्यांच्या चिमट्याला चिकटवले. डोळे तिनं काढले, दोन्ही एकाच बाजूला. “वाळायला खिडकीत ठेवूया?” “नको. उडून जाईल.” तिनं घरभर नजर फिरवली, चिमटा उघडला आणि फुलपाखरू माझ्या बाहीला लावलं. “वाळेपर्यंत हलायचं नाही.” मग राखणीला मला टेकून बसली. आत दूध उतू गेलं. मी जागची हलले नाही.