दीडशे लिटर

सकाळी गॅसच्या सिलिंडरवर बोटाच्या पेरांनी टकटक केल्याशिवाय दिनानाथ चहाला बसत नसत. वर पोकळ, खाली भरीव. आवाज बदलला की त्या जागी अंगठा टेकून ते जाहीर करत, "अजून आठ दिवस."

"झालं असेल रीडिंग तर बसा आता," त्यांच्या पत्नी राजाबाई म्हणत.

त्या मंगळवारी ते बसले तेव्हा टेबलावर कपांच्या जागी ड्रॉइंग पसरलेलं होतं. त्यांची मुलगी गीतांजली वाशीच्या एका सल्लागार कंपनीत इंजिनिअर होती. तुर्भ्याच्या औषधांच्या कारखान्यातलं गरम पाण्याचं काम तिच्याकडे आलं होतं. पाणी बॉयलरमधून निघणार, नळांमधून फिरून परत बॉयलरमध्येच येणार. मध्ये कुठेही उघडं नाही. तापलेलं पाणी फुगतं, म्हणून त्या वाढीव पाण्याला शिरायला एक बंद टाकी लागते. आत रबराचा पडदा, पडद्याच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. टाकी केवढी, ते ठरवायचं होतं. गीतांजलीने ऐंशी लिटर लिहिलं होतं आणि दुपारपर्यंत कागद साहेबांकडे जायचे होते.

दिनानाथांनी चष्मा लावला. "एकंदर पाणी किती धरलंस?"

"अकराशे लिटर. बॉयलर आणि सगळे नळ."

त्यांचं बोट ड्रॉइंगवरच्या, औषध तापवायच्या तीन कढयांपाशी थांबलं. "यांच्या भिंती दुहेरी आहेत ना? मधल्या पोकळीत पाणीच फिरणार. ते कुठे धरलंस?"

"बाबा, कॉम्प्युटरवर काढलंय सगळं."

"कॉम्प्युटरला कढई दाखवली होतीस का?"

राजाबाईंना हसू फुटलं. गीतांजलीला ते हसणं लागलं.

"फिटरचं काम नाहीये हे, बाबा."

दिनानाथ एकतीस वर्षं ठाण्याच्या कारखान्यात फिटर होते. त्यांनी ड्रॉइंग उचललं, आधीच्याच घड्यांवर नीट घडी घातली आणि तिच्या हातात दिलं. "निघ, उशीर होईल तुला," म्हणाले. डबा भरला का, हेही विचारलं.

ऑफिसात पोचल्यावर तिने पहिल्यांदा कढयांचे कागद काढले. प्रत्येकीच्या पोकळीत तीनशे लिटर. म्हणजे पाणी अकराशे नव्हे, दोन हजार. तिने हिशेब पुन्हा मांडला. टाकी दीडशे लिटरची आली.

नंदकिशोर साहेबांनी कागद दोनदा वाचले. "वा. या कढया माझ्या नजरेतूनसुद्धा सुटल्या असत्या. कसं लक्षात आलं?"

"तपासताना दिसलं."

"वडीलही इंजिनिअर ना तुमचे? मुलाखतीत म्हणाला होतात."

मुलाखतीत ती 'इंजिनिअरिंगमध्ये होते' असं म्हणाली होती. आता ती म्हणाली, "हो."

तीन वाजता शेजारच्या टेबलावरच्या मीनाने रिसीव्हरवर हात ठेवून हाक मारली. "गीतांजली, तुझे बाबा आहेत. टाकीचं काय झालं विचारतायत."

गीतांजलीच्या हातात तेव्हा काहीच काम नव्हतं. "मीटिंगमध्ये आहे म्हणून सांग ना. संध्याकाळी बोलते म्हणावं."

कसं बोलायचं तेही तिने ठरवलं होतं. जेवताना, सहज, आमटी वाढून घेता घेता.

साडेपाचला पुन्हा फोन आला. तो शेजाऱ्यांचा होता.

ती नेरूळला घरी पोचली तेव्हा दिनानाथांना खुर्चीतून उचलून खाली चादरीवर ठेवलं होतं. खुर्चीत त्यांचं वर्तमानपत्र तसंच पडलेलं होतं. समासात पेन्सिलीने तीन कढया काढलेल्या होत्या, दुहेरी भिंतींच्या. त्यांच्याखाली दीडशे, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

ते पान तिने कुणाला दाखवलं नाही. आईलाही नाही.

चार महिन्यांनी तुर्भ्याला बॉयलर पेटला. पंप सुरू झाले, नळ तापू लागले. नंदकिशोर साहेब खिशात हात घालून दाबाच्या काट्याकडे बघत होते. काटा चढला, चढला आणि लाल रेघेच्या अलीकडे थांबला. तासभर तिथेच राहिला.

जासईचे कासिमभाई, सगळी जोडणी त्यांच्या हातची, टाकीपाशी आले. त्यांनी बोटाच्या पेरांनी टाकीवर वरून खालपर्यंत टकटक केली. वर पोकळ, खाली भरीव. आवाज बदलला तिथे त्यांनी अंगठा टेकला.

गीतांजलीने मान वळवली.

"बगा, पानी हितपर्यंत चढलंय. वर हवा हाय अजून," कासिमभाई म्हणाले. "लहान टाकी बसवली असती तर सेफ्टी व्हॉल्व दिवसभर पानी थुकत बसला असता. माप कुनी काढलं हो?"

"आमच्या मॅडमनी," नंदकिशोर साहेब म्हणाले. "रक्तातच आहे त्यांच्या. वडील इंजिनिअर होते."

कासिमभाईंनी आदराने मान हलवली. अंगठा अजून टाकीवरच होता.

"मी नाही काढलं," गीतांजली म्हणाली.

पंपाच्या घरघरीत कुणाला ऐकू गेलं नाही. साहेबांनी कानामागे हात धरला. "काय म्हणालात?"

ती टाकीजवळ गेली आणि त्या घरघरीच्या वर आवाज चढवून म्हणाली, "माझ्या बाबांनी काढलं. ते फिटर होते."