तारिणीबाबूंचं खातं

सोनेलाल ककांनी ओल्या पंच्याची गाठ सोडली आणि त्यातला भलाथोरला रोहू मासा थेट मंत्र्यांच्या मेजावर ठेवला. मिथिलेत शुभकार्याला मासा दाखवतात, आणि पुतण्या मंत्री झाल्यापासून कका पहिल्यांदाच पाटण्याला आले होते. तारिणीबाबू गहिवरले. फायली सरकवून त्यांनी माशाला जागा करून दिली.

"बउआ, बांधाचं दार उघडायला सांग," कका म्हणाले. "अख्ख्या गावाचं भात पाण्याखाली आहे. आज-उद्या पाणी उतरलं नाही तर कुजलंच म्हणून समज."

"मग उघडत का नाहीत?"

"पलीकडे साखर कारखान्याच्या साहेबाचं टेनिसचं मैदान आहे. ते भिजेल ना!"

तारिणीबाबूंनी डोक्यावरचा पाग उगाच सारखा केला. "कका, शेती माझ्याकडे आहे. पाणी सरकारच्या गोऱ्या साहेबाकडे."

"शेती तुझी आणि पाणी त्याचं? ही वाटणी केली कुणी?"

"विलायतेच्या पार्लमेंटानं. पोलीस, तिजोरी, पाणी त्यांनी राखून ठेवलं. बाकीचं आपल्याला दिलं. याला सुधारणा म्हणतात."

"असू दे. तू जाऊन सांग तर खरं!"

तारिणीबाबू व्हरांडा ओलांडून पाण्याच्या साहेबाकडे गेले. साहेब उठून उभा राहिला. चहा मागवला, घरच्यांची चौकशी केली. बांधाच्या दाराचं नाव निघताच मात्र दुखावल्यासारखा म्हणाला, "तुमच्या कारभारात मी कधी ढवळाढवळ करतो का, मंत्रिमहाशय?"

तारिणीबाबूंना 'नाही' म्हणावं लागलं. साहेब त्यांना दारापर्यंत पोचवायला आला.

"हलला का गोरा?" ककांनी विचारलं.

"चहा दिला."

"मग लाथ मार या खुर्चीला!"

"मारली तर आहे तेही जाईल, कका."

"काय आहे रे एवढं?"

"बियाणं आहे. गुरांचे दवाखाने आहेत. आणि मासे." मासे म्हणताना तारिणीबाबूंना जरा हायसं वाटलं. त्यांनी रोहूच्या पाठीवरून हात फिरवला. "काय देखणा आहे हो! कुठल्या तळ्यातला?"

कका उठले. खिडकीबाहेर पंचा पिळून त्यांनी खांद्यावर टाकला.

"तळ्यातला कसला? तुझ्या बापाच्या भातखाचरातला. अजून पुष्कळ आहेत," ते म्हणाले. "अख्खं गाव आता तुझ्याच खात्यात आलंय, बउआ."