आसाच्या मापाची बंदूक

जेवणाच्या टेबलावर घोंगडी पसरली होती आणि तिच्यावर चार दुनळी बंदुका होत्या. तीन बारा बोअरच्या, एक वीस बोअरची. तीन व्हर्ना स्लोकमने टेबलाच्या मधोमध सरकवून ठेवल्या होत्या. चौथीवर, वीस बोअरच्या त्या हलक्या बंदुकीवर, तिच्या नवऱ्याचा हात होता.

"चार न्यायच्या, नाहीतर एकही नाही," व्हर्ना म्हणाली.

"तीन," तिचा नवरा ऑरिन म्हणाला. "चौथी आपल्या पोराची, आसाची आहे."

लेनोरा प्रूइटने पहिली बंदूक जवळ ओढली. जुन्या बंदुकांची पारख करून त्या लिलावाला नेणं हे तिचं काम, आणि असे संसार तिने पुष्कळ पाहिले होते. पुढच्या आठवड्यात हे दोघं मुलीकडे राहायला जाणार होते. त्या घरात लहान मुलं होती, त्यामुळे बंदूक चालणार नव्हती. व्हर्नाचं सामान बांधून दारात ठेवलेलं होतं. ऑरिनची पेटी उघडी आणि रिकामी.

"बंदूक इथे राहिली की हा पण इथे राहणार," व्हर्ना म्हणाली. "ते जिने, तो बर्फ, आणि याचा तो खुबा. मी एकटी जाऊ का?"

"जा की. पाय तुझे चांगले आहेत."

"बघितलंस?" व्हर्ना लेनोराला म्हणाली. "पन्नास वर्षं हेच ऐकतेय."

लेनोराने पहिल्या तिघींच्या नळ्या उघडून रिकाम्या असल्याची खात्री केली. मग नळ्या काढून एकेक दोरीवर टांगली आणि बोटाच्या पेराने टिचकी मारली. तिन्ही घंटेसारख्या घुमल्या. कुठे सांधा सुटलेला नव्हता.

"तुमच्या वडिलांनी या घेतल्या तेव्हा एका दुभत्या गाईच्या मोलाने मिळायच्या," ती म्हणाली. "आता एकीत नवा पिकअप ट्रक येईल. त्या तोडीचं हातकाम आता इथे कुणी करत नाही. आणि वीस बोअरच्या तर फार थोड्या बनल्या. लोक वेडे झालेत त्यांच्यासाठी."

"मग हिला बघून रडतील," ऑरिन म्हणाला. "हिचा दस्ता मी माझ्या करवतीने कापलाय."

त्याने हात उचलला. लेनोराने बंदूक उलटी केली. अक्रोडाचा मूळ दस्ता खरोखरच कापलेला होता, चापापासून जेमतेम बारा इंचांवर. पण त्याच्या टोकाला अक्रोडाच्याच पातळ चकत्या एकीवर एक बसवलेल्या होत्या. नऊ. सांध्यात नखही शिरत नव्हतं.

"पोरगा बारा वर्षांचा झाला, की बापाने बंदूक त्याच्या मापाची करायची. आमच्याकडची रीत आहे," ऑरिन म्हणाला. "मग तो वाढेल तशी बंदूक वाढवायची. फेझंट पक्ष्यांच्या शिकारीचा मोसम उघडतो ना, त्याच्या आदल्या संध्याकाळी. कोपराच्या आतल्या घडीपासून चापाच्या बोटापर्यंत मोजायचं आणि तेवढी चकती चढवायची."

"दरवर्षी?"

"मोजायला एक वर्ष चुकलं नाही. त्याची वाढ थांबली तेव्हा चकत्या थांबल्या, एवढंच."

लेनोराने पट्टी लावली. सव्वाचौदा इंच. मग दस्त्याचा उतार पाहिला, बाजूचा बाक पाहिला. दस्ता बघून माणूस ओळखायचा, हा तिच्या धंद्यातला जुना खेळ, आणि तिचा त्यात हातखंडा होता.

"सहा फुटांच्या वर आहे तुमचा मुलगा," ती म्हणाली. "लांब हात, लांब मान. उजवा हात वापरतो. आणि ही शेवटची चकती तासलेली दिसते. म्हणजे अलीकडे छाती भरलीय, थोडं पोटही सुटलं असावं."

ऑरिन खुर्चीत पुढे सरकला. त्याचा चेहरा उजळला होता.

"चाळिशी उलटली की सुटायचंच! मी त्याला म्हटलं, लेका, आईच्या हातचे केक कमी कर. अगदी तसाच आहे. व्हर्ना, ऐकलंस? हिने न बघता ओळखला."

व्हर्ना खिडकीकडे तोंड करून उभी होती. ती हातातल्या कपात चमचा ढवळत राहिली.

"कोण म्हणेल म्हातारा उगीच बोलतो?" ऑरिन म्हणाला. "लाकूड खोटं बोलत नाही."

"नाही बोलत," लेनोरा म्हणाली. तिने बंदूक हळूच त्याच्यापुढे ठेवली. "म्हणूनच ही मी अशी नेणार नाही, व्हर्नाबाई. मूळ दस्ता कापलाय, तरी घेणारे रांग लावतील. तो प्रश्न नाही. पण ही ज्याच्या मापाची त्याची असते. आसाला विचारा. तो हो म्हणाला तर चारही नेते. नाहीतर त्याने येऊन ही घेऊन जावी."

"तो नाहीच म्हणणार," ऑरिन म्हणाला.

"त्याच्या तोंडून ऐकू दे मला. कुठे असतो तो?"

व्हर्नाने कप खाली ठेवला.

"चल," व्हर्ना म्हणाली. "पट्टी घे बरोबर."

स्वयंपाकघरामागे कोठीची खोली होती. व्हर्नाने तिचं दार ओढून उघडलं आणि बाजूला झाली. चौकटीच्या आतल्या अंगाला पेन्सिलच्या आडव्या खुणा होत्या, खालून वर चढत गेलेल्या. प्रत्येकीपुढे आसाचं नाव आणि ऑक्टोबरमधली एक तारीख. सगळ्यांत वरची १९९३ची होती. तिच्या वर चौकटीच्या माथ्यापर्यंत लाकूड कोरं होतं.

"बारा वर्षांचा होता तेव्हा. यापुढची मापं ऑरिन एकटाच घेतो," व्हर्ना म्हणाली. "मोज."

बाहेरच्या खोलीत ऑरिन कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होता.

लेनोरा गुडघ्यांवर बसली. पट्टीचं टोक तिने जमिनीला टेकवलं आणि वरच्या खुणेपर्यंत ओढलं.

चार फूट साडेदहा इंच.