मुन्नारचा स्वेटर

बारा भाऊबीजा चुकवलेला केसरीनाथ मिठाईचा खोका घेऊन बहिणीच्या दारात उभा राहिला. "आक्का, औंदा तुला मुन्नारला नेतो. चहाचे मळे, धुकं... तू फक्त एक जाड स्वेटर घे, बाकी सगळं माझ्याकडं."

आक्कानं सगळं ऐकून घेतलं, त्याच्या आवडीचं बोंबलाचं कालवण वाढलं. जेवून त्यानं पिशवीत हात घातला, तशी तीच म्हणाली, "हक्कसोडीचा कागद ना? दे इकडं. बाबांच्या शेतात गोदाम येतंय, ठाव हाय मला."

सही करून तिनं कागद त्याच्या हातात ठेवला.

"मुन्नारचं राहू दे. थोरल्या ताईला उटी दाखवणार होतास ना? तिनं सही करून दोन हिवाळे गेले. तिचा स्वेटर अजून घडीतच हाय."