अर्धा पांढरा पत्रा

“ह्यातला एक बिघडलाय,” संगप्पा म्हणाले.

लातूरच्या त्यांच्या डाळमिलमध्ये दुपारचे दोन वाजले होते. शेडच्या एका टोकाला टांगलेला थर्मामीटर शेहेचाळीस दाखवत होता, दुसऱ्या टोकाचा एक्केचाळीस. दोन्ही एकाच दुकानातून, एकाच दिवशी आणलेले. छप्परही एकच. फक्त एक्केचाळीसच्या वरचा पत्रा गुरम्माने आणि बरोबरच्या बायकांनी सुट्टीच्या दिवशी चुन्याने पांढरा केला होता.

अर्धाच. तेवढीच परवानगी मिळाली होती. पंधरा दिवसांपूर्वी डाळ निवडता निवडता लक्ष्मम्मा भोवळ येऊन पडली. दोन दिवस दवाखान्यात सलाईनवर होती. त्यानंतर गुरम्माने चुन्याचं काढलं, तेव्हा संगप्पा हसले होते. “रंगानं ऊन कमी व्हतंय व्हय? मार अर्ध्याला. फरक पडला न्हाई तर परत हा विषय काढायचा न्हाई.” गुरम्मा कबूल झाली होती.

आता तीस बायका सुपं खाली ठेवून बघत होत्या.

“बिघडला असंल तर जागा बदला की, आप्पा,” गुरम्मा म्हणाली. “तुमच्याच हातानं.”

संगप्पांनी दोन्ही थर्मामीटर काढले, अदलाबदल करून टांगले आणि गंजक्या पत्र्याखाली घड्याळ बघत उभे राहिले. पाच मिनिटांत सदरा पाठीला चिकटला. त्यांच्यासमोरचा पारा चढू लागला. तिकडचा उतरत होता, ते बायकाच ओरडून सांगत होत्या. पाव तासाने पुन्हा तेच आकडे, त्याच जागी.

पहिली टाळी लक्ष्मम्माने वाजवली. मग सगळ्या शेडभर टाळ्या झाल्या.

संगप्पांनी कपाळ पुसलं. मुनीम रामलिंगला हाक मारली. “उद्या मिल बंद ठेवा. राहिलेल्या पत्र्याला चुना मारून घ्या. अन् बायांचा रोज कापू नका.”

दाराशी गेले आणि थांबले.

“गुरम्मा, हे तुला शिकवलं कुणी?”

“शिकवलं न्हाई कुणी. इथं यायच्या आधी कोंबड्यांच्या फार्मवर कामाला व्हते,” ती म्हणाली. “तिथं दर उन्हाळ्याला शेडवर चुना मारत्यात, आप्पा. कोंबड्यांला सोसत न्हाई म्हणून.”